कर्ज हलवायचं आहे, मग घर कशाला सोडायचं?

पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई 44 वर्षांच्या आहेत, पुण्याच्या उपनगरात राहतात. 2014 मध्ये नवरा-बायकोने दोघांच्या नावावर 52 लाखांना फ्लॅट घेतला. 12 लाख पदरचे घातले, 40 लाखांचं कर्ज काढलं, मुदत वीस वर्षं. पदरच्या पैशांतले पाच लाख ताईंच्या पाटल्या मोडून आणि पीएफ काढून उभे राहिले. पुढे सात वर्षं निम्मा हप्ता त्यांच्या पगारातून गेला. 2021 मध्ये सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी नोकरी सोडली. आज 27 लाख कर्ज उरलं आहे, नऊ वर्षं बाकी आहेत आणि व्याजाचा दर आहे 9.4 टक्के.

दुसरी एक बँक 8.4 टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. अडचण ताईंच्या क्रेडिट स्कोअरची आहे. 2019 मध्ये त्या भावाच्या धंद्याच्या कर्जाला जामीन राहिल्या, नंतर भावाचे हप्ते थकले आणि ते ताईंच्या रिपोर्टवर उमटलं. एजंटने तोड सुचवली: ताईंनी आपला निम्मा हिस्सा हक्कसोडपत्राने यजमानांच्या नावावर करायचा, म्हणजे कर्ज एकट्या यजमानांच्या नावावर होईल, 'नंतर परत नाव लावून घेऊ.' मसुदा व्हॉट्सॲपवर आलाही आहे. नोंदणीची तारीख पुढच्या आठवड्यातली.

ताई लिहितात: 'चूक माझ्या माहेरची, मग तिचा भुर्दंड या घराने का सोसायचा? ह्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी तो मसुदा वाचल्यापासून मला झोप नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, घर आपलंच आहे, कागदावर कुणाचं नाव आहे याने काय फरक पडतो? मी उगाच संशय घेतेय का? सही करू की नको?'

ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तारीख तोंडावर आली आहे म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून. या मसुद्यावर सही करू नका. पुढच्या आठवड्यातली तारीख रद्द करा. त्यामुळे कुणाचंही काही बिघडत नाही. आहे तो हप्ता आहे त्या बँकेत आणखी दोन-तीन महिने जाईल, एवढंच.

यात यजमानांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. तुमच्या पत्रातून ते सरळ माणूस वाटतात. घरखर्चाला हातभार लागावा म्हणून ते धडपडत आहेत आणि एजंटने दाखवलेली वाट त्यांना सोपी वाटली आहे. पण ज्या तीन गोष्टी तुम्ही दोघांनी खऱ्या धरल्या आहेत, त्या मला तपासून पाहाव्याशा वाटतात: कर्ज हलवायला तुमचं नाव काढावंच लागतं, नाव काढायला खर्च नाही आणि ते नंतर सहज परत लागतं.

आधी पैशांचं बोलू, कारण घरात बोलायला तो विषय सगळ्यांत सोपा.

27 लाख, नऊ वर्षं, 9.4 टक्के धरले तर हप्ता साधारण 37,140 रुपये येतो. तेच 8.4 टक्क्यांनी 35,710 च्या आसपास. महिन्याला वाचणार 1,430 रुपये. नऊ वर्षांत मिळून दीड लाखाच्या थोडं वर. यातून नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिली तपासणी, मूल्यांकन आणि नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क वजा करायचं. म्हणजे अख्ख्या खटाटोपाचा फायदा दीड लाखापेक्षा कमीच.

आता एजंटने सुचवलेलं हक्कसोडपत्र बघा. महाराष्ट्रात पती-पत्नीमधलं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं, असं सगळीकडे ऐकू येतं. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे. तुमचा फ्लॅट तुम्ही दोघांनी विकत घेतलेला. अशा मिळकतीतला हिस्सा हक्कसोडपत्राने सोडला, तर सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, फ्लॅटची किंमत 80 लाख आहे असं तुम्ही लिहिलंय. निम्मे 40 लाख, आणि पुणे महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून दर 7 टक्के. झाले 2 लाख 80 हजार. दीड लाख वाचवायला पावणेतीन लाखांवर खर्च! ही गोष्ट एजंटने सांगितली नसेल तर त्याला ती ठाऊक नसावी, नाहीतर त्याला फक्त फाइल पुढे सरकवायची असावी. कारण कुठलंही असलं, तरी अशा माणसाच्या मसुद्यावर घर सोडू नये.

नवरा-बायकोत घराचा हिस्सा द्यायचाच असेल तर राहत्या घरासाठी बक्षीसपत्र हा स्वस्तातला दस्त आहे. पती, पत्नी, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. त्यावर स्थानिक अधिभार वेगळा लागतो. तुमच्या हद्दीत तो किती, हे नोंदणीआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून आकड्यानिशी काढून घ्या. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला दिलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला आयकर पडत नाही. मात्र पुढे घर भाड्याने गेलं, तर दिलेल्या हिश्श्याचं भाडं देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. नाव गेलं, मालकी गेली आणि कराचा हिशेब मात्र तुमच्याकडे राहिला, असा तो प्रकार.

म्हणजे खर्च कमी करायची वाट आहे. पण स्वस्त पडतं म्हणून ते करावं, असं मला वाटत नाही. बक्षीसपत्र नोंदलं आणि समोरच्याने ते स्वीकारलं की मनात आलं म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाल्याचं कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि स्वतः दुय्यम निबंधकासमोर बसून 'राजीखुशीने' म्हणून अंगठा उमटवलेल्या बाईला ते किती अवघड जातं, हे कुठल्याही दिवाणी वकिलाला विचारा. 'नंतर परत नाव लावू' म्हणजे यजमानांनी तुम्हांला नव्याने बक्षीसपत्र करून द्यायचं, तेही नव्या बँकेची ना हरकत घेऊन. घर गहाण असताना मालक वाढवायला बँक तयार होईलच असं नाही. तयार झाली तर तुम्हांला पुन्हा सहकर्जदार व्हा म्हणेल, म्हणजे तुमचा स्कोअर पुन्हा तपासेल. ज्या अडचणीसाठी आज नाव काढायचं, तीच तेव्हाही दारात उभी असणार.

तुम्ही मसुद्यातली ओळ जशीच्या तशी पाठवलीत, बरं केलंत. 'सदर मिळकतीवर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध वा मालकी राहिलेली नसून, मी कोणत्याही दबावाशिवाय व कोणताही मोबदला न घेता राजीखुशीने हा दस्त लिहून देत आहे.' साक्षीदारांच्या दोन जागा रिकाम्या, खाली तुमचं नाव टाइप केलेलं. आता मसुदा पुन्हा उघडा आणि त्यात 'कर्ज' हा शब्द शोधा. तुम्ही पाठवलेल्या पानांत मला तो कुठेच दिसला नाही.

ताई, सगळ्यांत काळजीची जागा हीच आहे. घराची मालकी आणि कर्जाची जबाबदारी हे दोन वेगळे कागद आहेत. मालकी खरेदीखतावर असते, इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर, असते. जबाबदारी असते तुम्ही दोघांनी बँकेला लिहून दिलेल्या कर्ज करारावर. हक्क सोडला म्हणून करारातलं तुमचं नाव जात नाही. सहकर्जदार म्हणून अख्ख्या कर्जाची जबाबदारी तुमच्यावर आहे, निम्म्याची नाही. आणि ती फक्त बँकच काढून घेऊ शकते, तीही लेखी. समजा पुढच्या आठवड्यात तुम्ही सही केली आणि नव्या बँकेने ऐनवेळी कर्ज नाकारलं. मंजुरीपत्र मिळाल्यावरही मूल्यांकनात किंवा वकिली तपासणीत फाइल अडकते, हे नेहमीचं आहे. मग घरात तुमचा हिस्सा शून्य आणि 27 लाखांच्या कर्जाला तुम्ही पूर्ण बांधलेल्या. भावाच्या कर्जात तुम्ही नेमक्या याच जागी उभ्या आहात: मिळालं काहीच नाही, देणं मात्र डोक्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्लॅट आज जुन्या बँकेकडे गहाण आहे आणि मूळ कागद तिच्या ताब्यात आहेत. तिला न विचारता हिस्सा फिरवणं बहुतेक कर्ज करारांत निषिद्धच असतं. जुनी बँक म्हणणार, कर्ज फेडा, मग मालकी बदला. नवी बँक म्हणणार, मालकी एकाची करून आणा, मग पैसे देते. ही गाठ कोण आणि कशी सोडवणार, हे एजंटने लेखी सांगितलंय का? दोन्ही बँकांकडून आधी कागदावर घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर जाऊ नका.

आता तुमच्या यजमानांच्या वाक्याकडे येते: कागदावर कुणाचं नाव आहे याने काय फरक पडतो? ते मनापासून बोलले असतील. रोजच्या जगण्यात खरंच फरक पडत नाही, चहा त्याच ओट्यावर होतो. फरक पडतो तो कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, कुणावर दावा झाला तर. बोलायला नकोसं वाटतं, पण आकडा मांडते. तुम्हांला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरते. यजमान मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांची मिळकत पत्नी, मुलगी आणि आई यांच्यात समान वाटली जाते. आज निम्मं घर तुमचं आहेच. त्यांच्या निम्म्यातला तिसरा हिस्सा मिळून तुमच्याकडे घराचे दोन तृतीयांश येतात. सही केल्यावर अख्खं घर त्यांचं, आणि तुमच्या वाट्याला एक तृतीयांश. सासूबाई आज तुमच्यासोबत आहेत, तुम्ही त्यांचं सगळं करता, त्या तुम्हांला कधी घराबाहेर काढणार नाहीत. पण त्यांच्यामागे त्यांचा हिस्सा त्यांच्या इतर मुलांकडेही जाईल. तुमच्या दिरांशी आणि नणंदांशी आज गोडी आहे, ती तशीच राहावी असं वाटत असेल तर त्यांना तुमच्या घराचे भागीदार होण्याची वेळच येऊ देऊ नये.

'मग ह्यांना मृत्युपत्र करायला सांगू का?' असं तुमच्या मनात येईल. जरूर सांगा, तुम्हीही करा. दोघांनी आपापलं करायलाच हवं. पण मृत्युपत्र करणाऱ्याला ते केव्हाही बदलता येतं. ते हातातल्या मालकीची जागा घेत नाही.

काही वाचक म्हणतील की बायकोला सासरच्या घरात राहण्याचा हक्क कायद्यानेच आहे. आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला मिळाला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. पण तो राहण्याचा हक्क झाला. ते घर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मुलीला देता येत नाही. आणि आपल्याकडे लग्न झालं म्हणून एकाची मिळकत आपोआप दोघांची होत नाही. गोव्यात होते, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि घर विकायला दोघांची संमती लागते. गोव्यातल्या वाचकांना हा पेच असा पडत नाही. महाराष्ट्रात कागदावर जे नाव, त्याची मालकी. तुमचं नाव आज त्या कागदावर आहे, ते तुम्ही पाटल्या मोडून आणि सात वर्षं हप्ते भरून मिळवलं आहे. त्या पाटल्या विकल्याची पावती आणि तुमच्या पगार खात्याची स्टेटमेंट्स जिथे असतील तिथून काढून एका फाइलीत ठेवा.

तर मग करायचं काय? व्याज कमी करायची यजमानांची इच्छा रास्तच आहे. माझ्या मते क्रम असा असावा.

सर्वांत आधी तुमच्याच बँकेत जा. 2014 चं कर्ज म्हणजे ते बहुधा बेस रेटशी बांधलेलं असणार, किंवा नंतर एमसीएलआरवर आणलेलं. हे दोन्ही बँकेने स्वतः ठरवलेले दर. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी जोडणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं. जुन्या कर्जदारांना या पद्धतीत यायची वाट खुली ठेवली आहे, आणि त्यासाठी बँक माफक प्रशासकीय खर्चच घेऊ शकते. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. शाखेत एक पानी अर्ज द्या: आमचं कर्ज रेपो दराशी जोडून द्या, नवा दर आणि बदलाचा खर्च लेखी कळवा, अन्यथा आम्ही कर्ज दुसऱ्या बँकेत नेत आहोत. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र सोबत जोडा. अकरा वर्षं नियमित हप्ते भरणारं गिऱ्हाईक सोडायला शाखा सहसा राजी नसते. दर 8.6 झाला तरी जवळजवळ सगळा फायदा पदरात पडला, आणि ना मालकी हलली, ना गहाण. (तुमचं कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असेल, तर हा नियम तिला तसा लागू होत नाही, तरीही दर कमी करून मागायला हरकत नाही, ठरावीक शुल्क घेऊन त्या तो करून देतात.)

तिथे नन्नाचा पाढा ऐकायला मिळाला तर नवी बँक. पण नव्या बँकेला प्रश्न वेगळा विचारा. एजंट तिथे काय म्हणाला कुणास ठाऊक. बहुधा तो 'बायकोचा स्कोअर वाईट आहे, नाव काढतो' असं स्वतःच म्हणाला असेल. घराचा प्रत्येक मालक कर्जात सहकर्जदार हवा, असा बँकांचा आग्रह असतो, तो समजण्यासारखा आहे. पण प्रत्येक सहकर्जदाराचं उत्पन्न असलंच पाहिजे असं नाही. पात्रता यजमानांच्या पगारावर काढा आणि तुमचं नाव मालक म्हणून फक्त सहकर्जदारांत ठेवा, असं शाखा व्यवस्थापकाला भेटून सांगा. स्कोअर कशामुळे पडला याचा खुलासा लेखी द्या: हे कर्ज माझं नाही, मी जामीनदार आहे, माझ्या स्वतःच्या गृहकर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरी. प्रत्येकीचं धोरण सारखं नसतं. फक्त एका महिन्यात सहा ठिकाणी अर्ज टाकू नका, तेवढ्या चौकशांनी स्कोअर आणखी खाली येतो. आधी तोंडी विचारा, मगच अर्ज करा.

आणि एजंटने 'कर्ज हलवताय तर वर आठ लाख टॉप-अप घ्या, मुलीच्या शिक्षणाला होतील' असं सुचवलं असेल (असे एजंट हे सुचवतातच), तर तो विषय आज बाजूला ठेवा. टॉप-अप आणि वाढलेली मुदत आली की व्याजातली बचत त्यातच विरून जाते. मुलीच्या शिक्षणाचा हिशेब स्वतंत्र मांडा.

दोघांनी सगळं समजून-उमजून, स्वतंत्र सल्ला घेऊन, तरीही घर एकाच्या नावावर करायचं ठरवलं, तर? काही घरांत त्याला सबळ कारण असतं, एक जण परदेशी जातो, दुसरं घर घ्यायचं असतं. आणि घटस्फोटात तर घर एकाकडे राहणं अटळच असतं. मला येणाऱ्या पत्रांत अशी बरीच असतात, म्हणून त्या वाचकांसाठीही सांगते. आधी कर्जातून सुटका, मग मालकीतून. जी व्यक्ती घर सोडते आहे तिला कर्जातून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र हातात येईपर्यंत, किंवा नव्या बँकेच्या पैशांनी जुनं कर्ज फिटेपर्यंत, दस्त नोंदवू नका. जमलं तर तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बसवा: जुन्या बँकेची ना हरकत, दस्ताची नोंदणी, नव्या बँकेचा चेक. घटस्फोटाच्या संमतीपत्रात 'यापुढील हप्ते पती भरेल' असं लिहिलेलं असतं आणि बायका निर्धास्त होतात. ते बंधन पतीवर आहे, बँकेवर नाही. हप्ता थकला की नोटीस दोघांना येते. हिश्श्याचे पैसे ठरले असतील तर ते दस्त नोंदवतानाच डीडी किंवा बँक ट्रान्सफरने घ्या, तपशील दस्तात लिहा; मात्र मोबदला घेतला की ते बक्षीसपत्र राहत नाही, विक्री होते आणि मुद्रांक शुल्क त्याप्रमाणे पडतं.

पुढची कामं छोटी आहेत, पण राहून जातात. सोसायटीला कळवून शेअर सर्टिफिकेटवर नोंद करून घ्या. कुटुंबातल्या हस्तांतराला सोसायटीने प्रीमियम मागायचा नसतो, मागितला तर आदर्श उपविधी दाखवा. जुनं कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करणं कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. नवं गहाण झालं की त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची दुय्यम निबंधकाला द्यायची सूचना) 30 दिवसांत दाखल करायची असते, ती झाल्याची पावती मागून घ्या.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे वाचून मला वाईट वाटलं. 'चूक माझ्या माहेरची.' ताई, भावाच्या पाठीशी उभं राहणं ही चूक नाही, आणि तिची भरपाई म्हणून अर्धं घर देणं हा न्यायही नाही. तुम्ही स्वतःला शिक्षा देताय, असं मला वाटतं. सासूबाईंसाठी नोकरी सोडलीत, तेव्हा त्याचा हिशेब कुणी मांडला होता का? मग माहेरचाच तेवढा का मांडायचा?

जामीनकीचा धोका मात्र खरा आहे, तो लपवत नाही. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. भावाच्या बँकेने दावा लावला तर तुमच्या घरातल्या हिश्श्यापर्यंत ती पोहोचू शकते, अर्थात तुमच्या गृहकर्जाचा हक्क आधी. 'म्हणूनच नाव काढू या' असं यजमानांच्या मनात असेल तर तेही समजू शकते. पण ज्याचं देणं आहे त्याला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर तो कोर्टात रद्द करून मागू शकतो, मालमत्ता हस्तांतर कायद्यात तशी तरतूदच आहे. हप्ते थकल्यानंतर, मोबदल्याशिवाय, नवऱ्याच्या नावावर केलेला दस्त कोर्टाला कसा दिसेल, तुम्हीच विचार करा. ही ढाल तकलादू आहे.

मूळ दुखणं भावाच्या खात्यात आहे, तर औषधही तिथेच करायला हवं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तो काढा आणि भावाच्या खात्यासमोर किती रक्कम थकीत आहे, किती दिवसांपासून, हे बघा. कित्येकदा माणसाने थकबाकी भरलेली असते आणि रिपोर्टवर नोंद तशीच राहिलेली असते. तसं असेल तर तक्रार नोंदवा; 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

थकबाकी खरीच असेल तर भावाला घरी बोलवा, फोनवर उरकू नका. रिपोर्टची छापील प्रत समोर ठेवा. वहिनीलाही बसू द्या, कारण तिच्या घरावरही ही गोष्ट येणार आहे. त्याला एकच विचारा: थकलेले हप्ते किती महिन्यांत भरशील, आणि तुझ्या बँकेकडून मला जामीनकीतून मोकळं करून दुसरा जामीनदार देशील का? बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खातं मिटवायचं त्याच्या मनात असेल, तर ते तुम्हांला न विचारता करू नकोस म्हणावं. तशी 'सेटल्ड' नोंद राहिली तर ती पुढची बँक चांगली मानत नाही. पूर्ण रक्कम भरून खातं बंद झालं आणि थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला तरच तुमचा रिपोर्ट सुधारायला लागेल. ही बोलणी एका बैठकीत संपणार नाहीत. दोन-तीन महिने लागतील, तोवर घराची फाइल आहे तिथेच राहू दे.

यजमानांशी आज रात्रीच बोला, जेवणं उरकल्यावर. माझं हे उत्तर दाखवायला हरकत नाही, पण आधी तो 2 लाख 80 हजारांचा आकडा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा आणि शेजारी बचतीचा दीड लाख लिहा. उद्या सकाळी बँकेत द्यायचा अर्ज दोघांनी मिळून लिहा, खाली दोघांच्या सह्या करा.